वजने उचलल्यानंतर उरोस्थीजवळ होणारी वेदना

प्रश्न : माझे वय 29. कोथरूडमधील एका व्यायामशाळेत मी दोन वर्षे जातो. तीन आठवड्यांपूर्वी बेंच प्रेसचे (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलण्याचे) वजन एकदम 60 वरून 75 किलो केले आणि त्याच दिवशी डिप्सही (दोन समांतर दांड्यांवर हात टेकून शरीर खाली-वर करणे) मारले. तेव्हापासून छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला दुखते. शिंकताना, कूस बदलताना कळ येते आणि बोटाने दाबले की नेमकी जागा सापडते. हे हृदयाचे दुखणे असेल का? व्यायाम पुन्हा कधी सुरू करावा?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून बरगडी आणि उरोस्थी (छातीचे मधले हाड) यांना जोडणारी कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, दुखावली असण्याची शक्यता अधिक वाटते. तरीही दाबल्यावर दुखते, म्हणजे हृदय ठीक आहे, असा निष्कर्ष घरी काढू नका. एकदा डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या. छातीवर दडपण, घाम, धाप किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर वेळ न दवडता 108 क्रमांकावर फोन करा.

डिप्समध्ये शरीर खाली जाताना खांदे मागे ओढले जातात आणि ज्या स्नायूचा उगम उरोस्थीवर व या कूर्चांवर असतो, तो पूर्ण ताणलेल्या अवस्थेत जवळजवळ सगळ्या शरीराचा भार पेलतो. त्यात 15 किलोची उडी, तीही एकाच दिवशी! कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने ती सावकाश भरते. काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. त्या जागी सूज दिसू लागली, तर मात्र डॉक्टरांना पुन्हा दाखवा. अशी सूज असलेला विकार 1921 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक टिट्झे यांनी वर्णिला आहे.

तूर्त बेंच प्रेस, डिप्स आणि फ्लाय (वजन धरलेले हात बाजूंना पसरून पुन्हा छातीसमोर आणणे) बंद ठेवा. तालमीतले जोर मारले की छाती मोकळी होते, असे कोणी सांगेल. परंतु जोरातही भार त्याच सांध्यांवर येतो. कोमट शेक घ्या, शिंक येताना उशी छातीशी धरा. ईसीजी निर्दोष असल्यास वेताळ टेकडीवर चालायला हरकत नाही. वेदनाशामक गोळ्या आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दाबल्यावर दुखणे थांबले, की भिंतीला हात टेकून जोर मारण्यापासून सुरुवात करा. नंतर जमिनीवर आडवे होऊन हलके डंबेल दाबा, कारण तेथे कोपर जमिनीला टेकते आणि छाती फार ताणली जात नाही. बेंचवर परतताना निम्म्याहून कमी वजन घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात कूस बदलताना कळ आली नाही, तरच पुढचे वजन चढवा. डिप्स सगळ्यांत शेवटी.