योग, ध्यान, ग्रंथवाचन यांतून माणूस स्वतःला खरंच ओळखतो का? घरचे तर याला पळवाट म्हणतात

एरवी मी इथे नुसती वाचते. तुमच्या प्रश्नातला ‘पळवाट’ हा शब्द दिसला म्हणून लिहायला बसले. हा शब्द मी २०१२ पासून ऐकत आलेय, तोही सख्ख्या भावाकडून.

तुम्ही विचारलंय, माणूस स्वतःला खरंच ओळखतो का आणि सुरुवात कशाने करावी. पहिल्याचं उत्तर हो. मात्र जे कळतं ते बहुतेक वेळा आवडण्यासारखं नसतं. नुसतं शांत वाटावं म्हणून जायचं असेल तर चार दिवस कोकणात जाऊन या, त्यानेही शांत वाटतं. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते.

माझी २६ वर्षं नोकरी नाशिकला सरकारी लेखा विभागात झाली. बिलं तपासायची, व्हाउचरं जुळवायची, महिनाअखेरीला ताळमेळ घालायचा. आकडा जुळला नाही तर रात्री झोप लागायची नाही, असा स्वभाव. २०११ मध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात झाला. नऊ महिने घर-दवाखाना चाललं होतं. दादा घाटकोपरला, मी नाशिकला, त्यामुळे सगळं माझ्यावर आलं. मी एक वही घातली होती, लाल बांधणीची, दोनशे पानी. आधी त्यात औषधांचा खर्च लिहायची. मग दवाखान्यात रात्री कोण झोपलं तेही लिहायला लागले. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे मी, उजवीकडे दादा. अण्णा गेले त्या दिवशीची बेरीज मला आजही पाठ आहे. माझ्या ६३ रात्री, दादाच्या ९.

अण्णा गेल्यावर मला रडू आलं नाही. झोप मात्र उडाली. ऑफिसातल्या एक मॅडम इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना, म्हणजे मौन पाळून करायचं ध्यान, करून आल्या होत्या, त्यांनी फॉर्म भरायला लावला. फेब्रुवारी २०१२ मधलं दहा दिवसांचं शिबिर मिळालं. आई एकटी राहण्यातली नव्हती, म्हणून दादाला रजा काढून नाशिकला यायला सांगितलं. आईच्या गोळ्यांच्या डब्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावला आणि निघाले.

धम्मगिरीचा दिनक्रम कुठेही वाचायला मिळेल. पहाटे ४ ची घंटा, आर्यमौन म्हणजे बोलणं, खाणाखुणा सगळं बंद, वाचन-लेखन बंद, संध्याकाळी ही साधना भारतात शिकवायला आलेल्या गोयंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जी जी संवेदना आहे ती बघत जायची, आवडली म्हणून धरायची नाही आणि नको म्हणून ढकलायची नाही. त्यानंतर रोज तीनदा एकेक तासाचं अधिष्ठान. त्या तासात डोळे, हात, पाय उघडायचे नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचच्या अधिष्ठानात माझा उजवा गुडघा आधी तापला, मग त्यात कुणीतरी पेचकस फिरवतंय असं व्हायला लागलं. आणि त्या कळेबरोबर डोक्यात आकडे सुरू झाले. ६३, ९. ६३, ९. श्वास आत ६३, श्वास बाहेर ९. अण्णांचा चेहरा आठवायला गेले तर वहीचं पान समोर यायचं. नऊ महिने मी ज्याला दुःख म्हणत होते त्यात अण्णा जवळजवळ नव्हतेच. होता तो हिशोब. तास संपल्याची खूण झाली, डोळे उघडले, तर डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. उघडून बघितलं, तळव्यावर चार नखांचे चार अर्धचंद्र उमटले होते. मूठ कधी वळली ते मला कळलंही नव्हतं.

इतकंच असतं तर मी हे उत्तर लिहिलं नसतं. सातव्या दिवशी आणखी एक गोष्ट वर आली. शिबिराच्या त्या तारखा मी मुद्दाम निवडल्या होत्या. दादाच्या मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती, दादाला तेव्हा घर सोडून येणं सगळ्यात जड जाणार हे मला ठाऊक होतं. एप्रिलमध्येही शिबिरं होती, तोवर तिची परीक्षा संपली असती. मी फेब्रुवारी घेतला. उजव्या रकान्यात दहा रात्री भरायला मी आईला वापरलं. हे कुणी मला तोंडावर म्हटलं असतं तर मी ती वही त्याच्यापुढे आपटली असती. तिथे आपटायला वही नव्हती आणि बोलायला तोंड नव्हतं.

आणि नेमकं त्याच दिवशी इकडे आईला ताप भरला होता. दादाने तिला डॉक्टरांकडे नेलं, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी घरी परतले तेव्हा त्याने दारातच विचारलं, “मिळाली का शांती? इथे आई फणफणली होती. याला पळवाट म्हणतात.” मी काही बोलले नाही. तारखांचं त्याला सांगायला मला अडीच वर्षं लागली. २०१४ च्या दिवाळीत सांगितलं. तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं.” आणि मग त्याचं ते नेहमीचं वाक्य: मला जे दारात उभ्या उभ्या कळलं ते कळायला तुला दहा दिवस तोंड बंद करून बसावं लागलं?

हो, लागलं. आपल्याबद्दल दुसऱ्याला काय माहीत आहे त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नसतो. ते बाहेरून आलं की आपण वकील उभा करतो. आतून वर आलं आणि उठून जायची सोय नसली, तरच ते आपण ऐकून घेतो. ध्यानातून माणूस स्वतःला ओळखतो तो असा, प्रकाशबिकाश दिसून नव्हे. मला काहीही दिसलं नाही, एक वही दिसली.

राहिला पळवाटीचा मुद्दा. गोयंका गुरुजींना ही विद्या ज्यांनी दिली ते सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. १९४८ पासून सरकारी हिशोब सांभाळले आणि त्याच कचेरीत कर्मचाऱ्यांना साधना शिकवली. गोयंका स्वतः मंडालेत जन्मलेले, व्यापारी, बायकामुलांचे. १९५५ मध्ये अर्धशिशीने हैराण होऊन ते गुरूंकडे गेले, तेव्हा नुसती डोकेदुखी घालवायला आलास तर शिकवणार नाही, असं त्यांना आधी सुनावलं गेलं होतं. १९६९ मध्ये ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरं सुरू झाली. यात घरदार टाकून पळालेलं कोण आहे? लेखा विभागात जन्म गेलेल्या बाईला महालेखापालाची परंपरा मिळाली, याचा मला अभिमान वाटतो.

ग्रंथांबद्दल. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, सुरुवातीलाच तप आणि ईश्वरप्रणिधान (सगळं ईश्वराला अर्पण करणं) यांच्या जोडीला स्वाध्याय आहे. त्याचा जुना अर्थ जप आणि मोक्षशास्त्राचं अध्ययन. आजकाल ‘स्वतःचा अभ्यास’ असा सोयीचा अर्थ सांगतात आणि वाचायचं टाळतात, ते मला पटत नाही. शिबिराहून आल्यावर मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला. आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी, या गीतेतल्या श्लोकावर माउली पोपटाचा दृष्टांत देतात. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भाराने नळी उलटी फिरते, आणि आपण अडकलो असं समजून तो ती आणखी घट्ट धरतो. त्याला कुणीही बांधलेलं नसतं. हा दृष्टांत मी शाळेपासून ऐकला होता. त्या दिवशी वाचताना मी आपला डावा तळवा बघत बसले. नुसतं वाचलं असतं तर मी त्यावर भिशीत चार शब्द बोलले असते, यापलीकडे काही नाही. आणि नुसतं बसले असते, वाचलं नसतं, तर मला काय दिसलं त्याला शब्द मिळाला नसता. म्हणून दोन्ही लागतं. तुमचा दुसरा प्रश्न होता सुरुवात कशाने करावी, तर आधी बसणं, मग वाचणं.

आसनांना कमी लेखू नका, एवढंच म्हणेन. पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं खर्च केली आहेत, आणि त्यातली पहिली अपेक्षा स्थिर आणि सुखाने बसता येण्याची आहे. मला ते येत नव्हतं. आधी वर्षभर पाठ-कंबर तयार केली असती तर त्या गुडघ्याशी झुंजण्यात गेलेले किती तास वाचले असते! तुम्ही पुण्यात आहात असं लिहिलंय. बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था तिथे १९७५ पासून आहे, पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांच्या आधाराने ताठर अंगालाही आसन शिकवण्याची त्यांची पद्धत आहे. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी काढलेलं कैवल्यधाम आहे. ‘२१ दिवसांत आत्मशोध’ अशा जाहिराती करणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका. मी अशाच एका क्लासात पैसे भरले होते, तिथे तिसऱ्या दिवशी मला शीर्षासनात उभं केलं आणि मान दोन महिने धरली.

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर दहा दिवसांच्या मौनात एकदम उडी घेऊ नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, गोळ्या मनाने बंद करू नका, आणि फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल विचारतात तिथे खरं लिहा. आणखी एक. मला जमलं म्हणून प्रत्येकाला हीच वाट लागू पडेल असं नाही. माझी मावसबहीण तिसऱ्या दिवशी परत आली, ती आता रोज हरिपाठ म्हणते, आणि तिच्यात पडलेला फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

घरचे पळवाट म्हणतात त्यावर माझं मत स्पष्ट आहे. म्हणू द्या, पण तारीख त्यांना विचारून ठरवा. मी ते केलं नाही, आणि दादाच्या बोलण्यातला तेवढा भाग खरा आहे, हे मी इथे पहिल्यांदाच लिहून देतेय. पुढची तीन शिबिरं मी त्याच्या सोयीने केली. तो अजूनही पळवाटच म्हणतो. पण २०१६ मध्ये आई अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिचं केलं, आणि कोण किती रात्री जागलं ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

हिवाळ्यातलं शिबिर घेतलंत तर जाड शाल न्या, इगतपुरीला पहाटे फार गारठा असतो. खाली मांडी घालून बसवत नसेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागून घ्या, देतात. पैसे आधी घेत नाहीत. शिबिर पुरं झाल्यावर वाटलं तर दान द्यायचं.