बोकड राहू दे, आधी शेळीची पाठ चाचप

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री दोनदा ऐकला. तिळी झाली, एकेक करडू सव्वा किलोचं, दोन सकाळपर्यंत गेली, आणि शेळी व्यायच्या आधी चार दिवस वैरण सोडून भिंतीला तोंड लावून उभी होती. आणि एवढं सगळं सांगून शेवटी विचारतेस काय, तर बोकड बदलू का. अगं, बोकडाने काय केलं? तू त्या शेळीची पाठ चाचपली होतीस का, ते सांग आधी.

शेळी 150 दिवस गाभण असते आणि करडाचं निम्म्याहून बरंच जास्त वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यात भरतं. नेमकं तेव्हाच करडं पोटात जागा अडवतात, कोठीपोट, म्हणजे चारा साठवून आंबवणारं मोठं पोट, दबतं, शेळीचं खाणं कमी होतं. करडाला हवं असतं ग्लुकोज, आणि शेळीला ते चाऱ्यातून आयतं मिळत नाही, चारा पोटात आंबतो, त्यातून तयार होणाऱ्या प्रोपिओनेट नावाच्या घटकापासून तिचं लिव्हर ते बनवतं. नुसत्या कडब्यावर तिघांचं कसं भागणार? करडं तर ओढतच राहतात, मग ती अंगातली चरबी वितळवते, लिव्हरला ती झेपत नाही, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जाळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. तोंडाला गोडसर वास येत होता म्हणालीस ना, तो त्याचाच.

मी हे पुस्तकातून नाही शिकलो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका धनगराच्या वाड्यावर गाभण मेंढ्या बसायला लागल्या. लोकर दाट, वरून सगळ्या गुबगुबीत दिसत होत्या, मी कॅल्शियम आणि लिव्हर टॉनिक टोचून निघून आलो. तिसऱ्या दिवशी परत गेलो तर एकीचं कातडं उतरवत होते. मणके करवतीच्या दात्यांसारखे वर आलेले, लिव्हर पिवळट, बोटाने दाबलं की फुटणारं, आणि पोटात दोन पूर्ण वाढीची कोकरं. लोकरीत एकदा बोटं घातली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बावीस गावं होती माझ्याकडे, एक मोटारसायकल, वर लसीकरणाचं टार्गेट, आणि आम्हाला शिकवलं होतं औषध, हात फिरवायला कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे सगळा दोष मी माझ्यावर घेत नाही. पण ती दोन कोकरं अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. त्यानंतर कुठल्याही गोठ्यात शिरलो की पहिला हात पाठीवर, लोक हसायचे, हसू देत.

बोकडाचंच डोक्यात असेल तर हे ऐक. 1938 साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंडने अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड पोनी यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त तेच, निम्मं निम्मं, पण शायर आईची शिंगरं जन्मतः मोठी आणि शेटलंड आईची लहान, आणि तो फरक पुढे वाढतानाही पुसला नाही. बाप केवढा का असेना, पोटात मिळतं ते आईच्या अंगातलंच. पंचवीस हजारांचा बोकड वाळक्या शेळीवर सोडून काय मिळणार तुला?

आणि आता घाबरून सगळ्यांना पोतं उपडं करू नकोस, तुझा स्वभाव मला माहितीये. मका एकदम वाढवलास तर अपचनाने वेगळीच मरेल, थोडा थोडा वाढव. आणि ती पहिलटकर पाट, म्हणजे कोवळी शेळी, जिची अजून स्वतःचीच वाढ चालू आहे, तिला तर भरमसाट अजिबात नको. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनच्या रोवेट इन्स्टिट्यूटमध्ये कोवळ्या वयाच्या गाभण मेंढ्यांना भरपूर खायला घातलं, तर खाल्लेलं आईच्याच अंगाला लागलं, वार, म्हणजे पोटातल्या पिलाला आईकडून पोषण पोचवणारा भाग, लहान राहिली आणि कोकरं बारकी झाली. वार आधी वाढते, कोकरू नंतर, म्हणून शेवटच्या महिन्यात जागं होऊन सगळं भरून निघत नाही. किती घालायचं ते पोत्यावर लिहिलेलं नसतं, पाठ सांगते. हात फिरवल्यावर मणके टोचले तर कमी, जोर देऊनही लागले नाहीत तर जास्त, हलकं दाबल्यावर गोलसर लागले की बरोबर. गाभण राहिल्यापासून दर पंधरा दिवसांनी, न चुकता.

दुसरी गाभण आहे ना, खांद्यावर पांढरा ठिपका असलेली? उद्या सकाळी चारा टाकायच्या आधी तिच्या शेवटच्या बरगडीमागे कमरेवर बोटं ठेव आणि काय लागलं ते मला फोन करून सांग. फोटो पाठवू नकोस, फोटोत काही कळत नाही.