सुट्टीत मुलांकडून घरी काय करून घ्यावं? कुंडीतला फ्रीज, धांड्यांची गाडी आणि काळ्या मातीचे बैल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेपाचचा, जळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सकाळी दहानंतर बाहेर पाय ठेवायची सोय नाही. क्राफ्टचे दोन किट आणले, ते दोन दिवसांत संपले. आणि सासूबाई या सगळ्याला ‘पोरखेळ’ म्हणून लांब बसतात. आता जास्त खर्च न करता घरच्या घरी काय करता येईल?

मी अमळनेरची. माझी दोन्ही आता कॉलेजात आहेत, पण त्यांच्या लहानपणी मी हे सगळे प्रयोग करून बसले आहे आणि निम्मे फसलेही आहेत. त्यामुळे जरा लांबण लागेल.

किट का संपतं ते आधी सांगते. त्यातून जी वस्तू तयार होते तिचं घरात काही कामच नसतं. चकचकीत कागदाचं घुबड दोन दिवस टीव्हीजवळ बसतं, तिसऱ्या दिवशी झाडू मारताना आपणच उचलून माळ्यावर टाकतो. पोरांना हे बरोबर कळतं. ज्या वस्तूवाचून घरात कुणाचं तरी अडेल अशीच वस्तू करायला घ्या, मग पोरं स्वतःहून तिच्याभोवती घुटमळतात.

म्हणून पहिला मान कुंडीतल्या फ्रीजला. आपल्या उन्हाळ्यासाठी याच्याइतकं चपखल दुसरं काही नाही. मातीच्या दोन साध्या कुंड्या घ्या, एक चांगली मोठी आणि दुसरी तिच्यात बसेल अशी. दोघींच्या मध्ये चारी बाजूंनी दीड-दोन इंच जागा राहिली पाहिजे. कुंडीच्या तळाला भोक असतं, ते भिजवलेल्या मातीचा गोळा दाबून बुजवा. मोठीच्या तळाशी वाळूचा थर द्या, त्यावर लहान कुंडी ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि वाळू चिंब भिजेपर्यंत पाणी घाला. वरून ओलं गोणपाट किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा. बाल्कनीत सावलीला पण वारा लागेल अशा जागी, तीन विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा खेळेल. दिवसातून तीनदा वाळूत पाणी घालायचं, ही धाकट्याची ड्युटी. आत कोथिंबीर, लिंबं, टोमॅटो, मिरच्या. माठात पाणी गार होतं त्याच कारणाने हे चालतं: पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं, सुकतं, आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं.

भिंतीवरचा साधा तापमापक असेल तर तो आत-बाहेर ठेवून मुलीला वहीत आकडे लिहायला सांगा. आमच्याकडे एका दुपारी बाल्कनीत ४१ होतं तेव्हा कुंडीत २९ भरलं. पोरगी तो आकडा अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली. पण २९ म्हणजे खरा फ्रीज नव्हे हेही तिला सांगा. दूध, शिजवलेलं अन्न यात ठेवायचं नाही.

आता फजिती. पहिल्या वर्षी पोरांनी हट्ट धरला की कुंडी रंगवायची. घरात दरवाज्याचा उरलेला ऑइल पेंट होता, तो मीच काढून दिला. सुंदर निळी कुंडी झाली, त्यावर पांढरे मासे. आणि गार होणं बंद! दोन दिवस आम्ही पाणी वाढवतोय, जागा बदलतोय, काही फरक नाही. कोथिंबीर पिवळी. शेवटी आमच्या जिजी (सासूबाई) लांबूनच म्हणाल्या की माठाला कधी कुणी रंग देतं का, त्याला घाम कसा येणार? मातीची सगळी छिद्रं रंगाने बुजली होती. रंगवायचंच असेल तर गेरू आणि चुना, तेही पट्टे-ठिपके एवढंच.

अजून एक. डोंबिवलीच्या आमच्या नणंदेने फोनवर ऐकून हेच केलं, तिच्याकडे काही गार होईना. तिकडे हवाच दमट, पाणी सुकायलाच तयार नाही. आपल्याकडे ऊन कोरडं असतं म्हणून जमतं. जूनमध्ये पाऊस लागला की आपलीही कुंडी ढेपाळते. ते का होतं हे मुलीला आधी सांगू नका, तिच्या आकड्यांत तिला दिसू द्या.

दुसरं काम म्हणजे धांड्यांची, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांची बैलगाडी. दादर (आपली रब्बीची ज्वारी) निघून गेलेली असते, कडबा बांधून ठेवलेला असतो. गावाकडे कुणी असेल तर ठीक, नाहीतर तुमच्या दूधवाल्याला सांगा, तो चार-सहा धांडे हसत आणून देईल. जाड, सरळ, कीड न लागलेले घ्या. दोन पेरांमधलं कांड कापायचं आणि त्याची साल नखाने उभी सोलायची, पट्टी-पट्टीने. आत पांढरा, हलका गर मिळतो. या सालीची धार ब्लेडसारखी असते, बोट कधी कापलं ते कळत नाही. म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं, जोडायचं पोरांचं.

सगळी गाडी सालीच्या खिळ्यांवर उभी राहते, डिंक-फेविकॉल काही लागत नाही. पट्टीचं एक टोक तिरपं कापलं की झाला खिळा, तो गरात सहज घुसतो. चाक करताना इंचभर गराचा तुकडा मध्ये घ्या, त्यातून दोन पट्ट्या आरपार, एकमेकींना आडव्या. हे झाले चार आरे. आऱ्यांच्या टोकांना गराचे बारके तुकडे खोचा आणि त्या तुकड्यांतून एक लांब पट्टी गोल फिरवा. कोरडी पट्टी वाकवताना मोडते, म्हणून ती आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात टाकून ठेवायची. आस म्हणून खराट्याची काडी. पहिलं चाक अंड्यासारखं होणार, दुसरं पोळीसारखं, तिसरं चालेल. माझ्या मुलाने चाकं सोडून नुसते चष्मेच केले. दोन गोल, मधे एक दांडी, दोन कानाला. घरातल्या प्रत्येकाला एक, दूधवाल्यालाही एक.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना ‘मुलांना काहीतरी शिकवा ना’ म्हणून पाहू नका. आमच्या जिजींना मी दोन सुट्ट्या तशी विनवणी केली, त्या जागच्या हलल्या नाहीत. जमलं ते भलत्याच मार्गाने. भाव वाढेल म्हणून भरून ठेवलेला कापूस आपल्याकडे उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या घरात असतोच, तसा दिराकडून पिशवीभर आणला होता. मी आणि मुलगी सरकी काढून वाती वळायला बसलो. वाती कसल्या, सुरवंट! मुलगी तर कापूस तळहातावर घेऊन नुसती चोळत होती. जिजी पाच मिनिटं बघत राहिल्या, मग त्यांना सहन होईना. “काय करी ऱ्हायनी वं? आन इकडे, माले दे!” म्हणून कापूस ओढून घेतला, पाय लांब केला, चिमूटभर राख मागवली आणि मांडीवर लांब वात वळून दाखवली, एकसारखी, सुतासारखी. त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार मुलगी त्यांच्याकडे. तेव्हा सासूबाईंच्या समोर बसून बिनधास्त चुकीचं करा. जाणत्या बाईला चुकीचं काम बघवत नाही.

फुलवात लहान मुलालाही जमते. सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजून पुरीएवढा गोल पसरायचा, मधोमध कापसाचीच छोटी गोळी ठेवायची, कडा वर गोळा करायच्या आणि बोट दुधात बुडवून शेंडी पिळायची. शंभर वाती झाल्या की पातळ केलेल्या तुपात बुडवून बर्फाच्या ट्रेमध्ये उभ्या करून फ्रीजमध्ये. देवघराला महिनाभर पुरतात. माझी मुलगी रोज संध्याकाळी मोजायची किती उरल्या. कापूस घरात काढला की अंगाला खाज सुटते, तेव्हा बाल्कनीत बसा आणि नंतर पोरांना अंघोळ घाला.

कुरडया तुम्ही करतच असाल, त्यावर फार लिहीत नाही. फक्त यंदा पोरांना पहिल्या दिवसापासून घ्या. गहू भिजवणं, तीन दिवस रोज पाणी बदलणं, तो आंबूस वास, वाटून-गाळून ठेवलेलं सत्त्व रात्रीत तळाशी कसं बसतं, हे सगळं त्यांना बघू द्या. शिजलेला गरम चीक वाटीत काढून तूप-साखर घालून दिला की पुढचं काम फुकटात होतं. सोऱ्यातून त्यांना आपापल्या नावाचं पहिलं अक्षर पाडू द्या. वाळल्यावर तळलेला ‘स’ ताटात आला की भांडण कुणाचं अक्षर मोठं फुललं यावरून.

केळीच्या सोपटाचा (खांबाच्या सालीचा) धागाही काढून पाहिला. रावेर-यावलकडे कुणी ओळखीचं असेल तर घड उतरवलेल्या केळीचा खांब सहज मिळतो. सोपट सुटं करून हातभर लांब कापा, पाटावर पालथं ठेवून चमच्याच्या कडेने खरवडत राहा, पाणी आणि गाळ निघून जातो, मागे रेशमासारखे धागे उरतात. धुऊन सावलीत वाळवा, तीन पदरी वेणी घाला, वेणी गोल गुंडाळून सुई-दोऱ्याने टाके मारले की गरम पातेल्याखाली ठेवायला चकती तयार. काम छान आहे, पण केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. यांचा ऑफिसचा पांढरा शर्ट मी आजही फरशी पुसायला वापरते. जुने कपडे घालूनच बसा, आणि तिसऱ्या मजल्यावर एवढा पसारा झेपणार नसेल तर सोडून द्या.

पोळ्याच्या बैलांची तयारी मात्र आत्ताच करून ठेवा. पोळा श्रावण अमावास्येला, तेव्हा सगळीकडे ओल असते आणि माती चाळायची पंचाईत होते. आता शेतातल्या काळ्या मातीची उन्हाने वाळलेली ढेकळं मिळतात. कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की आपोआप सुटतं, ओलं मात्र तसंच गोळा होऊन बसतं. रात्रभर भिजवून, जुन्या ओढणीतून गाळून, वरचं पाणी ओतून टाका आणि खालचा गाळ डब्यात बंद करून ठेवा.

आमचे पहिले तीन वर्षांचे सगळे बैल तडकले. शेपटी गळाली, पाय गळाले, एकाची तर मान. शाडूचे गणपती तडकत नाहीत आणि आपलेच बैल का, म्हणून मी वैतागले होते. कारण आपल्या शेतातच दिसतं. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग वीतभर बैलाला पडणारच. उपाय निघाला तोही शेतातलाच. मळताना मातीत मूठभर पिंजलेला कापूस, तुकडे-तुकडे करून, आणि थोडी बारीक वाळू घालायची. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात, वाळूमुळे आकसणं कमी होतं. मळून झाल्यावर बोटाएवढी वळी करून बोटाभोवती बांगडीसारखी गुंडाळून बघा. वरून चिरली तर अजून मळा, पाण्याचा हात लावा.

पाय वेगळे करून चिकटवू नका. एकाच गोळ्यातून चारही पाय ओढून काढा आणि प्रत्येकात आगपेटीची काडी खुपसा. शिंगं, वशिंड वेगळं लावायचं असेल तर दोन्हीकडे सुईने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. पहिला दिवस बैल ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे, नंतर सावलीत. लवकर वाळावेत म्हणून पंख्याखाली ठेवाल तर वरची कातडी आधी आकसेल आणि आत ओल राहील, मग पुन्हा तडा. पाच-सहा दिवस लागतात. धाकट्याचा बैल डुकरासारखा दिसेल. त्याला काही बोलू नका, पूजेत तोच पुढे ठेवा. धांड्यांची गाडी जपून ठेवली असेल तर तिला हेच बैल जुंपायचे.

उरलेला गाळ फेकू नका, डब्यात ओलाच राहू द्या. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसतात, तेव्हा गुलाबाई-गुलोजींच्या (म्हणजे पार्वती-शंकराच्या) मूर्ती घरीच करता येतील. तुमच्या बिल्डिंगमध्ये मुली असतीलच. कोजागिरीपर्यंत रोज एकेकीच्या घरी गाणी, टिपऱ्या आणि मग डबा वाजवून आत खाऊ कोणता ते ओळखायचं. माझ्या मुलीने एकदा डब्यात चार खडे टाकून सगळ्यांना चकवलं होतं. आवाज शेंगदाण्याच्या लाडवांसारखा, आत निघाल्या चिकूच्या फोडी!

सुरुवात कुंडीपासून करा. कुंभाराकडून कुंड्या घेताना बोटाने टिचकी मारून बघा, खणखणीत वाजली पाहिजे, बद्द वाजली तर तडा आहे. वाळू बांधकामाच्या ढिगातली असेल तर दोनदा धुऊन घ्या, सिमेंट असतं तिच्यात. आणि पहिल्या दिवशी पाणी घातल्यावर खाली परात ठेवा. बुजवलेलं भोक हमखास सुटतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात.