मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर रक्तदाब कधी एकदम खाली, तर कधी एकदम वर जातो. रक्तदाब कमी करणारी रोजची गोळी सुरू करावी का?

आपण लिहिले आहे की, मानेला दुखापत होऊन आठ महिने झालेल्या आपल्या भावाला व्हीलचेअरवर बसवले की त्याचा रक्तदाब ८०/५० पर्यंत उतरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या महिन्यात मात्र दोनदा डोके असह्य दुखून तो १८०च्या वर गेला. मी डॉक्टर नाही, पण सी-६ (मानेतल्या सहाव्या) पातळीच्या दुखापतीसह गेली अकरा वर्षे परळला राहतो आहे आणि हे दोन्ही प्रकार मी भोगले आहेत. मणक्याच्या दुखापतींची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची गोळी सुरू करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण एरवीच खाली असणारा रक्तदाब तिने आणखी उतरेल आणि अचानक चढण्याचे मूळ कारण तसेच राहील.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असणे नेहमीचे आहे. अशा शरीरात मूत्राशय तुडुंब भरले, तर तिथून निघालेल्या संदेशामुळे इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या सैल करण्याचा मेंदूचा हुकूम इजेपलीकडे पोहोचतच नाही. म्हणून चेहरा लाल होतो, कपाळाला घाम फुटतो, नाडी बहुधा मंद होते आणि पाय मात्र गार असतात. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वाढ झाली तरी ती धोक्याची समजतात. म्हणजे ज्याचा नेहमीचा आकडा १०० आहे, त्याचा १४० झाला तर ‘थोडेसेच वाढले आहे’ असे म्हणून चालत नाही. दुर्लक्ष केल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मला १९०/११० असताना सपाट झोपवण्यात आले होते, आणि त्याने डोकेदुखी वाढतच गेली. शेवटी पत्नीच्या लक्षात आले की लघवीसाठी बसवलेल्या कॅथेटरची नळी मांडीखाली दबली आहे. तिने ती मोकळी केली, मला उठवून बसवले, आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) भरू लागली तसा काही मिनिटांत रक्तदाब उतरला.

तेव्हापासून आमच्या घरी क्रम ठरलेला आहे. रक्तदाब चढलेला दिसला की प्रथम ताठ बसवून पाय खाली सोडायचे. पट्टा, मोजे, बूट, घट्ट कपडे सैल करायचे. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजायचा. मग नळीला पीळ किंवा अडथळा आहे का ते पाहायचे, आणि कॅथेटर नसल्यास मूत्राशय रिकामे करायचे. त्यानंतर शौचाचा खडा, दाबामुळे पडलेली जखम, आत वळलेले नख, अशी कारणे शोधायची. शौच काढण्यापूर्वी बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून थोडे थांबावे, नाहीतर त्या स्पर्शानेच रक्तदाब आणखी चढतो. कारण सापडले नाही किंवा वरचा आकडा १५०च्या पुढेच राहिला, तर १०८ ला फोन करावा. अशा वेळी तातडीने देण्याचे औषध डॉक्टर लिहून देतात. ते घरात असावे, मात्र रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतली असल्यास हे अवश्य सांगावे, कारण तातडीचे औषध नायट्रेट गटातले असल्यास त्याच्याबरोबर ती घातक ठरते.

खाली जाणाऱ्या रक्तदाबाचे काम सावकाशीचे आहे. पलंगाची डोक्याकडची बाजू टप्प्याटप्प्याने वर करून मगच खुर्चीत बसवावे. पोटाचा पट्टा व लांब घट्ट मोजे आधीच घालावेत. भरपेट जेवणानंतर आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्रास अधिक होतो, म्हणून थोडे थोडे खावे. पाणी व मीठ किती घ्यावे, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अंधारी आलीच, तर खुर्ची मागे कलती करून पाय उंच धरावेत. दोन्ही प्रसंगांत उपाय नेमका उलटा असल्याने आधी यंत्राने मोजावे आणि मगच हालचाल करावी, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवावे.

हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत भावाला दाखवता येईल. जाताना आठवडाभराच्या नोंदी न्याव्यात: वेळ, बसलेला होता की झोपलेला, लघवी शेवटची केव्हा काढली होती आणि शौच केव्हा झाले.