स्टेनगन: नाव कुणाचं, बंदूक कुठली?

जुन्या वर्तमानपत्रांत ‘स्टेनगनधारी पोलीस’ असं हमखास सापडतं. त्यावरून एका वाचकाने विचारलंय की ‘स्टेन’ ही कंपनी की माणूस, आणि कुठल्याही छोट्या मशीनगनला स्टेनगन म्हटलं तर चालेल का?

स्टेन ना कंपनी, ना एक माणूस. रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन या दोघांच्या आडनावांतलं ‘एस’ आणि ‘टी’, पुढे ‘ईएन’ एन्फील्डचं. ब्रिटिश सरकारचा शस्त्रकारखाना तिथे होता. (काही जण हे ‘ईएन’ इंग्लंडचं सांगतात.) नाव पाडायची ही रीत आधीच्या ब्रेनगनची. तिच्यात ‘बीआर’ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराचं.

साल १९४१. डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्य ढीगभर शस्त्रं फ्रान्समध्येच टाकून आलेलं, आणि अमेरिकेची टॉमीगन परवडेना. म्हणून पोलादी नळी आणि ठोकलेला पत्रा वेल्डिंगने जोडून ही बंदूक उभी केली. तिचं ‘मार्क ३’ हे रूप तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने काढलं! एकूण सुमारे ४० लाख स्टेन तयार झाल्या. दिसायला अगदीच ओबडधोबड. मॅगझिन डाव्या अंगाला आडवं, ३२ गोळ्यांचं. पण जवान दोन-चार गोळ्या कमीच भरत. आत दोन रांगांत बसलेल्या गोळ्या तोंडाशी एकाच रांगेत याव्या लागत, आणि घोळ तिथेच व्हायचा. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये योझेफ गाब्चिकने नाझी अधिकारी हायड्रिखवर रोखलेली स्टेन ऐन वेळी चाललीच नाही. गाब्चिकच्या साथीदाराने टाकलेल्या बॉम्बने हायड्रिख जखमी झाला आणि पुढे दगावला.

आता दुसरा प्रश्न. आपल्या बातम्यांतली ‘स्टेनगन’ बऱ्याचदा स्टेन नसतेच. ती असते स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट यांची ही बंदूक ब्रिटिश सैन्याने १९५३ साली स्टेनच्या जागी स्वीकारली आणि पुढे परवान्याने ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनू लागली. आपल्या फौजेत आणि पोलिसांत तिला ‘कार्बाइन’ म्हणतात. हिचंही मॅगझिन डावीकडेच, त्यामुळे बातमीदार फसतो. फोटोत मॅगझिन केळ्यासारखं वाकडं आणि नळीवरच्या आवरणाला भोकंच भोकं दिसली तर स्टर्लिंग समजा. इंदिरा गांधींवर सतवंतसिंगने झाडलेलं शस्त्र बातम्यांत ‘स्टेनगन’ झालं. न्यायालयाच्या निकालपत्रात मात्र ते कार्बाइन आहे.

तसा ‘कार्बाइन’ही काटेकोर नाही, मुळात ती घोडेस्वारांची आखूड रायफल. पण ज्यांच्या खांद्यावर ती असते तेच तसं म्हणतात, तेव्हा हट्ट कशाला? पिस्तुलाची गोळी घेऊन सलग झाडणाऱ्या सगळ्या जातीला सबमशीनगन म्हणा. ‘उपमशीनगन’ मला तरी झेपत नाही. एके-४७ला मात्र स्टेनगन म्हणू नका. ती रायफल, तिची गोळीच वेगळी.

आणि लिंग? बंदुकीच्या चालीवर स्त्रीलिंगच: ती स्टेनगन, तिची कार्बाइन.