वाचकांचे प्रश्न : ओहमवर असताना ४०० व्होल्ट लागलेला मीटर

प्रश्न : मळ्यातल्या पंपाच्या स्टार्टरवर माझा जुना काट्याचा मल्टिमीटर ओहम × १ वर असतानाच थ्री-फेजला लागला. फ्यूज बदलला. ९ व्होल्टची बॅटरी बरोबर दाखवतो, पण × १ वर ४७ ओहमचा रेझिस्टर लावला तरी काटा शून्यावरच (ओहम स्केलच्या उजव्या टोकाला) जातो. काटा हलवणारी कॉइल बदलावी का? मीटर २०,००० ओहम प्रति व्होल्टचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कॉइलला हात लावू नका. ९ व्होल्ट बरोबर येतात, म्हणजे कॉइल आणि तिची स्प्रिंग शाबूत आहे. जळाला आहे तो × १ चा रेझिस्टर. तो तुटला की करंटला कॉइलकडची हजारो ओहमची वाटच उरते. तिच्यापुढे ४७ ओहम नगण्य, म्हणून काटा शून्यावर.

रंगपट्टे काळे पडले असले तरी किंमत काढता येते. ओहम स्केलच्या बरोबर मध्यावरचा आकडा पाहा. तिथे २० असेल तर × १ वर मीटरचा आतला रोध २० ओहम. (४०० व्होल्टला त्यातून क्षणभर २० ॲम्पिअर, म्हणजे ८ किलोवॅट! तो वाचणार कसा?) सेल आणि फ्यूजचे एक-दोन ओहम वजा करा, १८ ओहम मेटल फिल्म, १ टक्क्याचा लावा. प्रोब जोडले की ३ व्होल्टवर १५० मिलीॲम्पिअर वाहतात, रेझिस्टरमध्ये ०.४ वॉट उष्णता होते. म्हणून १ वॉटचाच घ्या.

लावण्याआधी बोर्डावरची काजळी ब्लेडने पूर्ण खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जळका कोळसा करंट वाहतो. तो राहिला तर वरच्या रेंज चुकतात, खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात तर जास्तच. सिलेक्टरच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर मात्र लावू नका, मुलामा जातो.

शेवटी झीरो लावून (प्रोब एकमेकांना जोडून नॉबने काटा शून्यावर आणून) २० ओहमचा अचूक रेझिस्टर मोजा. काटा १८ दाखवत असेल तर आतला रोध जास्त झाला आहे : १८ ओहमला समांतर १२० ओहम जोडा. २० पेक्षा जास्त दाखवला तर रेझिस्टर थोडा वाढवा. फ्यूज जुन्याच ॲम्पिअरचा, पण सिरॅमिक आणि ५०० व्होल्टचा बसवा. २५० व्होल्टच्या काचेच्या फ्यूजमध्ये ४०० व्होल्टची ठिणगी विझेलच असे नाही.

प्रश्न : मीटरच्या कॉइलला संरक्षणासाठी डायोड लावल्याने रीडिंग चुकते का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. ५० मायक्रोॲम्पिअरच्या २,००० ओहम कॉइलवर पूर्ण काट्याला ०.१ व्होल्टच पडतो. १एन४१४८ डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, म्हणजे रीडिंगच्या वेळी तो बंदच असतो. कॉइलला समांतर दोन उलटसुलट जोडा. आधीच असतील तर एकेक पाय सोडवून तपासा : शॉर्ट झालेला डायोड सगळ्या रेंजवर काटा हलूच देत नाही आणि दोष कॉइलवर जातो.