जीवशास्त्र शिकून श्रद्धा जाते का? मला तर ती तिथेच मिळाली

तुम्ही लिहिलंय की बारावी बी-ग्रुप झाली, बी.एस्सी.ला बॉटनी-झूलॉजी घ्यायचंय आणि घरचे घाबरलेत, उत्क्रांती शिकला की पोरगा देवाला हात जोडणार नाही म्हणून. कुणाचा उलटा अनुभव आहे का, असं विचारलंत. माझा आहे.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात. बाबा आणि दादा कट्टर विज्ञानवादी. घरात देव फक्त आजीचे. मागच्या अंगणात उंबर होता, त्याला ती रोज सकाळी पाणी घालून प्रदक्षिणा घालायची. मला त्यात काही वाटायचं नाही. दादा जे म्हणेल ते माझं मत, अशी मी कॉलेजात गेले.

एम.एस्सी.ला असताना मॅडमनी उंबराची फळं आणायला सांगितली. मी आदल्या दिवशीच घरच्या झाडाची तोडली आणि ओट्यावर बसून ब्लेडनं एक उभं कापलं. उंबराला फूल नसतं असं सगळे म्हणतात. फुलं असतात, पण फळाच्या आत, भिंतीला चिकटून शेकड्यांनी. भिंगाखाली धरलं तर काही फुलांच्या जागी तपकिरी गाठी दिसल्या, आणि एका गाठीवर पिवळसर, बिनपंखाचा एक किडा तोंडानं भोक पाडत होता. तो नर. गाठीच्या आत मादी अजून बाहेर यायची होती. तो तिथूनच तिच्याशी जुगतो, मग सगळे नर मिळून फळाची भिंत पोखरून बाहेरची वाट करून देतात आणि मरतात. त्यांचं सारं आयुष्य त्या एका फळाच्या आत. मादी बाहेर पडायच्या आधी परागकण गोळा करून छातीजवळच्या खिशांत भरते, चक्क पायांनी भरते, आणि दुसरं उंबर शोधत उडते. तिथं फळाच्या तोंडाशी खवल्यांची इतकी दाटी असते की आत शिरताना तिचे पंख तुटतात. ती परत येत नाही. काही फुलांत अंडी घालते, बाकीच्यांवर पराग टाकते, आत मरते. माझ्या फळाच्या तोंडाशी खवल्यांत अडकलेला एक पंख होता. त्याच फळात उपरे किडेही निघाले. हे लांब सुईसारख्या नळीनं फळाच्या बाहेरूनच आत अंडी घालतात, परागाचं काम काही करत नाहीत. फुकटे.

हा किडा म्हणजे गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी. उंबराची ही माशी उंबराचीच. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर माशीला घर नाही. ही भागीदारी कोट्यवधी वर्षांची आहे.

आजी शेजारी बसून पाहत होती. मी सगळं सांगितलं तशी म्हणाली, ‘म्हणजे आजवर आम्ही उंबरं खाल्ली, त्यात जीव होते का वो?’ दादा मोठ्यानं हसला. ‘देवाच्या झाडात किडे निघून राहिले, आता घाल प्रदक्षिणा!’ आणि माझ्याकडे वळून डार्विनचं ऐकवलं. परोपजीवी गांधीलमाश्या जिवंत अळीला आतून खातात, असल्या माश्या कुणा दयाळू परमेश्वरानं मुद्दाम निर्माण केल्या असतील हे मला पटत नाही, असं डार्विननंच लिहून ठेवलंय म्हणे.

त्या हसण्याचा राग मला आजही आहे, म्हणून हे उत्तर एवढं लांबलं. आजीनं प्रश्न अगदी नेमका विचारला होता. त्या दोन मिलिमीटरच्या माशीला तिनं जीव म्हणून मोजलं. आम्ही दोघं तोवर तिला नमुना म्हणत होतो.

ते वाक्य डार्विनच्या एका पत्रातलं आहे, ते मी शोधून वाचलं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना १८६० साली लिहिलेलं. दादा सांगायचा ते वाक्य त्यात आहेच. पण लगेच पुढं डार्विन म्हणतो की हे अद्भुत विश्व आणि विशेषतः माणूस, हे सगळं निव्वळ आंधळ्या शक्तीचं फळ आहे असं मानून माझं समाधान होत नाही. नियम आखलेले असावेत आणि बारीकसारीक तपशील योगायोगावर सोडलेला असावा, याकडे त्याचा कल आहे. आणि हा सगळा विषय माणसाच्या बुद्धीच्या पलीकडचा वाटतो, असंही लिहितो. दादानं हा भाग कधी सांगितला नव्हता.

माझी श्रद्धा कुणा कारागिरावर नाही, हे आधी सांगते. देवानं बसून माशी घडवली असं मी मानत नाही. माशी निसर्गनिवडीनं घडली, तिचे फुकटे भाऊबंदही तसेच. मला जे मिळालं ते नात्याचं. आपल्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन श्वसनाचं काम करतं, १०४ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांचं. चिंपांझीचं आणि आपलं तंतोतंत सारखं. पाव फुगवणाऱ्या यीस्टशी पाहिलं तरी निम्म्याहून जास्त जुळतं. उंबराच्या पानातही तेच प्रथिन तेच काम करतंय. बाबांना मधुमेह होता, दादा रोज त्यांना इन्सुलिन टोचायचा. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक आतड्यातल्या एका जिवाणूत घातलं तर जिवाणू ते वाचतो आणि माणसाचंच इन्सुलिन बनवतो. १९८२ पासून ते औषध म्हणून मिळतं. आतड्यातला जिवाणू आणि माझे बाबा एकाच लिपीत लिहिलेले आहेत म्हणूनच हे जमतं. हे कळल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. दादाला तेच कळून काही झालं नाही, तो त्याचा स्वभाव.

आणि नागपुरात राहून ‘मोठं चित्र’ दिसत नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सीताबर्डीची टेकडी लाव्हाची आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळी साचली, त्यांतल्या गोगलगायींचे शंख नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडांत सापडले. ते गोळा करणारा स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी होता, १८४५ ला नागपुरात आला. इथलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. दगडातल्या शंखांनी त्याचा धर्म बुडाला नाही. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असं १९७३ साली लिहिणारे जीवशास्त्रज्ञ डोबझान्स्कीही श्रद्धाळू ख्रिश्चन होते.

आता तुमच्या घरच्यांबद्दल. त्यांना बरं वाटावं म्हणून ‘दशावतार म्हणजेच उत्क्रांती’ हे व्हॉट्सॲपवरचं सांगू नका. मत्स्य, कूर्म, वराह अशी रांग लावली की डार्विन आपल्याकडे आधीच होता, हे साफ खोटं आहे. उत्क्रांती ही एका रांगेत चढत जाणारी गोष्टच नाही, आणि दशावतार ही जीवशास्त्राची टिपणं नाहीत. त्यानं दोन्हींचा अपमान होतो. उत्क्रांती पूर्ण शिका, पाणी न घालता. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकातही ती आहे, घरच्यांनी तेव्हा कुठं हरकत घेतली होती?

हेही सांगायला हवं की माझ्या वर्गातले बरेच जण पक्के नास्तिक झाले आणि उत्तम शिकवतात, उत्तम संशोधन करतात. डार्विन स्वतः पुढं अज्ञेयवादीच म्हणवून घ्यायचा, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. त्यामुळे तुमचं काय होईल याची हमी मी देत नाही, आणि घरच्यांनीही ती मागू नये. ॲडमिशन मात्र भीतीपोटी सोडू नका. फॉर्म भरा.

पहिल्याच वर्षी एक उंबर कापून भिंगाखाली बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, ते काय विचारतात ते नीट ऐका. आणि कुणी डार्विनचं अर्धं पत्र तोंडावर फेकलं, तर उरलेलं अर्धं मोठ्यानं वाचायला लावा. इंटरनेटवर पूर्ण मिळतं, तारीख २२ मे १८६०.